वाचताना डोळ्यांसमोर उभं राहतं ते नेमकं काय?

आधी एक छोटा उतारा वाचा. परीक्षेला बसल्यासारखा नको, रात्री झोपण्याआधी कादंबरी वाचतो तसा.

"पावसाची सर ओसरली तशी यशोदाकाकूंनी मागच्या दाराची कडी काढली. परड्यात काहीतरी हललं होतं. त्यांनी कंदील उचलला, वात जराशी वर केली आणि पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. 'कोण आहे?' उत्तर आलं नाही. केळीच्या पानांवरून पाणी टपटपत राहिलं."

आता वर न बघता सांगा. कंदील कोणत्या हातात होता? काकू लुगड्यात होत्या की साडीत, आणि रंग कोणता? दार एका फळीचं की दोन फळ्यांचं? ते आत उघडलं की बाहेर? काकू अंगानं कशा होत्या? केळी दाराच्या डावीकडे होत्या की समोर?

यातलं काहीच मी लिहिलेलं नाही. तरीही काही वाचकांकडे सगळी उत्तरं तयार असतील: डावा हात, हिरवं लुगडं, दार दोन फळ्यांचं आणि त्यातली एक जरा करकरणारी. काहींना विचारल्यावर उत्तर सुचेल. म्हणजे विचारेपर्यंत हात होता, पण तो डावा की उजवा हे ठरलेलं नव्हतं. आणि काही जण म्हणतील, "अहो, मला कुठे काय दिसलं? एक बाई कंदील घेऊन बाहेर आली एवढं कळलं, बस्स." हे तिन्ही प्रकारचे लोक एकाच वाचनालयाचे सभासद असतात, एकाच कादंबरीवर रडतात, आणि बाकीच्यांनाही आपल्यासारखंच दिसत असणार असं आयुष्यभर धरून चालतात.

मी तिसऱ्या प्रकाराच्या अगदी जवळचा. हे मला चाळिशीत कळलं, तेही भांडणातून. आम्हा दोघा भावंडांच्या आवडत्या एका कादंबरीवर मालिका येणार होती आणि नायकाचा फोटो पेपरात आला होता. ताई तो बघून खवळली. "हा तो नव्हेच! त्याचं नाक असं बसकं नाहीये." मी म्हटलं, लेखकानं नाकाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "लिहायला कशाला हवं? मी बघितलंय ना त्याला." मग ती मला विचारायला लागली, तुझ्या डोक्यात तो कसा दिसतो. मी शोधायला गेलो तर तिथे नाकच नव्हतं. चेहराही नव्हता. त्याचा आवाज होता, बोलण्याची ढब होती, तो खोलीत आला की बाकीचे गप्प होतात हे होतं. "डोळ्यांसमोर उभं राहतं" हा मला चाळीस वर्षं नुसता वाक्प्रचार वाटत होता, "पोटात गोळा आला" सारखा. ताईच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता.

असाच धक्का 1880 मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाला बसला होता. हा माणूस मोजमापाचा वेडा. (त्याच वेडापायी "चांगल्या वंशाच्या" माणसांची पैदास करण्याचा घातक विचार त्यानं मांडला, तो भाग वेगळा.) त्यानं लोकांना एक प्रश्नावली धाडली: आज सकाळी तुम्ही न्याहारीला बसलात ते टेबल मनात आणा. चित्र अंधूक आहे की लख्ख? वस्तूंच्या कडा स्पष्ट आहेत का? रंग खरे वाटतात का? पहिली उत्तरं त्याच्या ओळखीच्या शास्त्रज्ञांकडून आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यालाच उलट विचारलं की मनात चित्र दिसणं म्हणजे काय. त्यांच्या मते ती कवींची अलंकारिक भाषा होती. इतरांनी मात्र कपबशीवरच्या नक्षीपर्यंत सगळं सांगितलं. गाल्टननं यावरून शास्त्रज्ञांना चित्रं दिसत नाहीत असा निष्कर्ष काढला, तो घाईचा ठरला. सव्वाशे वर्षांनी त्याचीच कागदपत्रं तपासली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांतही चित्र अजिबात न दिसणारे थोडेच निघाले. पण माणसामाणसांत या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे त्याचं निरीक्षण टिकलं.

टिकलं म्हणजे कोपऱ्यात पडून राहिलं. विसाव्या शतकात बराच काळ मानसशास्त्रातल्या अनेकांना मनाच्या आतलं काही मोजणं म्हणजे बुवाबाजी वाटायची. 1973 मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी 16 प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली, ती आजही वापरात आहे. एखाद्या नातेवाइकाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान, तळं आणि झाडं असलेला देखावा यांची कल्पना करायची आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण द्यायचे. आज साधारणपणे काहीच दिसत नसेल तर 1 आणि प्रत्यक्ष पाहिल्याइतकं लख्ख असेल तर 5 असे गुण देतात, म्हणजे एकूण बेरीज 16 ते 80 च्या मध्ये कुठेतरी येते. ताईला मी घरीच हे करायला लावलं. तिचे 77 झाले. माझे सांगत नाही.

खरी खळबळ उडाली ती या शतकात. ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाकडे एक निवृत्त सर्व्हेयर आले. पासष्टीचे. त्यांना झोपताना मित्रांचे, घरच्यांचे चेहरे आणि पाहिलेली ठिकाणं मनात आणायची सवय होती. हृदयाच्या रक्तवाहिनीवर अँजिओप्लास्टी झाली आणि त्यानंतर हे सगळं बंद पडलं. डोळे उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, समोर आलेली माणसं ओळखता यायची, फक्त डोळे मिटले की काही नाही. त्यांच्याबद्दलचा शोधनिबंध 2010 मध्ये आला, एका विज्ञान मासिकानं त्यावर लेख केला, आणि मग 21 लोकांनी कळवलं की आमचंही असंच आहे, पण आमचं काही बंद पडलं नाही, ते कधी सुरूच नव्हतं. 2015 मध्ये झेमन यांनी या स्थितीला नाव दिलं: ॲफॅन्टेझिया. ॲरिस्टॉटलनं मनातल्या प्रतिमेसाठी वापरलेला "फॅन्टासिया" हा शब्द घेऊन त्यापुढे नकाराचा "अ" लावला, संस्कृतात लावतो तसाच. दुसऱ्या टोकाला, जिथे ताई बसते, त्याला हायपरफॅन्टेझिया म्हणतात.

पूर्णपणे कोरी पाटी असणारे शंभरात साधारण एक. फार पुसट दिसणारे धरले तर शंभरात चारेक. लख्ख टोकाला शंभरात तीनेक. हेच प्रमाण आपल्याकडे धरलं तर 2011 च्या जनगणनेच्या 11 कोटी 24 लाखांच्या महाराष्ट्रात कोरी पाटीवाले 11 लाखांच्या आसपास होतील. यातल्या बहुतेकांना शाळेत "डोळे मिटून निसर्गाचं चित्र मनात आणा आणि निबंध लिहा" असं सांगितलं गेलं असेल आणि त्यांनी मुकाट्यानं लिहिलाही असेल. हा आजार नाही. औषध लागत नाही, आणि "प्रयत्न कर म्हणजे दिसेल" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचीही गरज नाही.

इथे एक शंका येणारच. माणूस सांगतो म्हणून विश्वास ठेवायचा? कदाचित दोघांनाही सारखंच दिसत असेल, एक वाढवून सांगतो आणि दुसरा हात आखडता घेतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला फार सुंदर उत्तरं शोधली आहेत, आणि त्यातलं एक थेट वाचनाशी जोडलेलं आहे.

पहिलं बाहुलीचं. उजेडाकडे पाहिलं की डोळ्याची बाहुली आकसते, हे आपल्या हातात नसतं. त्यांनी लोकांना उजळ आणि काळपट आकृत्या दाखवल्या, मग त्या काढून घेतल्या आणि मनात आणायला सांगितलं. मनात चित्र येणाऱ्यांची बाहुली नुसत्या कल्पनेतल्या उजळ आकृतीलाही आकसली. ॲफॅन्टेझिया असलेल्यांची खऱ्या आकृतीला आकसली, कल्पनेतल्या आकृतीला नाही. ते आळस करत होते असंही म्हणता येत नाही. डोक्याला ताण पडला की बाहुली मोठी होते, आणि एकाऐवजी चार आकृत्या मनात आणायला सांगितल्यावर त्यांचीही ती झाली. म्हणजे गडी जोर लावत होता, पण दोर कशालाच बांधलेला नव्हता.

दुसरा प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या खोलीत 46 जणांना एकेक करून बसवलं, त्यातल्या 22 जणांना ॲफॅन्टेझिया होता. पडद्यावर एकेक वाक्य यायचं. तुम्ही समुद्रात पोहताय. मग दूर लाटांत काहीतरी काळं चमकतं. मग किनाऱ्यावरची माणसं बोट दाखवायला लागतात. बोटांना लावलेलं यंत्र त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजत होतं, कारण घाबरल्यावर घाम आधी येतो आणि "मी कुठे घाबरलो?" हे नंतर. चित्र दिसणाऱ्यांचा आलेख वाक्यागणिक चढत गेला. न दिसणाऱ्यांचा जवळजवळ सपाट राहिला. मग सगळ्यांना भीतिदायक फोटो दाखवले. आता दोन्ही गटांना सारखाच घाम फुटला. भीती दोघांकडे सारखीच होती. शब्दांपासून भीतीपर्यंत जाणारी एक वाट दुसऱ्या गटाकडे नव्हती. "मन चिंती ते वैरी न चिंती" ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटली, तो नक्की चित्रं दिसणाऱ्यांपैकी असणार.

आता डोक्यात होतं काय ते पाहू. डोळ्यांनी बघतो तेव्हा माहिती डोळ्यांतून मेंदूच्या मागच्या भागात, डोक्याच्या पाठीमागे जिथे आपण उशीवर टेकतो तिथे, जाते. तिथे कडा, रंग, हालचाल अशी फोड होते आणि मग ती पुढे सरकत "हा कंदील आहे" अशा अर्थापर्यंत पोचते. वाचताना प्रवास बराचसा उलटा होतो. "कंदील" या शब्दापासून आधी अर्थ येतो, अर्थावरून आठवणी जाग्या होतात: आजोळच्या खुंटीवरचा, काच काजळलेला, रॉकेलच्या वासाचा. आणि त्या आठवणी मागच्या दृश्यभागाला हाक मारतात. हाक ऐकू गेली तर कंदील दिसतो. ती किती जोरात ऐकू जाते, त्यात माणसामाणसांचा फरक.

हे चित्र खऱ्याच्या तुलनेत किती दुबळं असतं हे 1910 मधल्या एका प्रयोगात गमतीनं दिसलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात चीव्हज पर्की यांनी लोकांना कोऱ्या पडद्याकडे पाहून केळं मनात आणायला सांगितलं, आणि त्यांना न सांगता मागून पडद्यावर केळ्याचं अगदी फिकट चित्र पाडलं. लोकांना ते आपल्याच कल्पनेतलं वाटलं! काहींना एवढंच नवल वाटलं की आपण आडवं केळं मनात आणत होतो, हे उभं कसं आलं.

चित्र दिसो न दिसो, वाक्य समजताना मेंदू एक गोष्ट करतोच. तो प्रसंगाची मांडणी करतो. रॉल्फ झ्वान यांच्या गटानं लोकांना दोन प्रकारची वाक्यं वाचायला दिली: वनरक्षकाला आकाशात गरुड दिसला, किंवा वनरक्षकाला घरट्यात गरुड दिसला. लगेच पंख पसरलेल्या किंवा मिटलेल्या गरुडाचं चित्र दाखवून विचारलं, हा पक्षी वाक्यात होता का? उत्तर दोन्हीकडे "हो"च. पण आकाशाचं वाक्य वाचलेल्यांनी पसरलेल्या पंखांना सेकंदाच्या एका छोट्या अंशानं लवकर "हो" म्हटलं, घरट्याचं वाचलेल्यांनी मिटलेल्या पंखांना. वाक्यात पंख हा शब्दही नव्हता. भिंतीत ठोकलेला खिळा आडवा आणि जमिनीत ठोकलेला उभा, याचाही असाच परिणाम दिसला. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून एका मुलाच्या दिवसाची गोष्ट वाचायला दिली, तेव्हा गोष्टीतला मुलगा काही हातात धरायचा त्या वाक्यांना वाचणाऱ्याच्या मेंदूत हाताच्या हालचालींशी संबंधित भाग जास्त जागे व्हायचे, आणि तो नव्या जागी गेला की जागेचं भान ठेवणारे.

म्हणजे वाचताना आत जे उभं राहतं त्यात डोळ्यांचा वाटा एकच. हात, कान, नाक, जागेचा अंदाज हे सगळे त्यात असतात. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात आपल्या मराठी बोलांबद्दल हेच म्हटलं आहे: शब्द खरं तर कानांचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, नाकाला सुगंधाचा भास होतो, डोळे म्हणतात ही रूपाची खाण उघडली. इंद्रियांमध्ये या बोलांवरून भांडण लागतं. तेराव्या शतकात हे लिहून झालं होतं. स्कॅनर यायला सातशे वर्षं लागली.

वाचनाची एक अडचण मात्र आहे, आणि ती फार कुणाच्या लक्षात येत नाही. चित्र बघायलाही दृश्यभाग लागतो आणि छापील ओळीवरून डोळे फिरवायलाही तोच लागतो. एकाच चुलीवर दोन भांडी. 1967 मध्ये ली ब्रुक्स यांनी लोकांना चौकोनांच्या जाळीत कुठे कुठला आकडा आहे याचं वर्णन दिलं, काहींना नुसतं ऐकवलं आणि काहींना ऐकता ऐकता वाचायलाही लावलं. मांडणी डोक्यात धरायला नुसतं ऐकणाऱ्यांना सोपं गेलं. वाचणाऱ्यांचे डोळे अक्षरांत अडकले होते. अभिवाचनाला किंवा रेडिओवरच्या क्रमशः कादंबरीला बसलेली माणसं अर्धे डोळे मिटून का बसतात, हे यावरून कळतं. आणि ज्यांना चित्र पुसट दिसतं त्यांच्यासाठी यात एक साधी सोय आहे: वर्णनाचा परिच्छेद संपला की पान सोडा, छताकडे बघा, चार सेकंद थांबा. मग पुढे जा. वेग कमी होईल, पण कादंबरी ही काही लोकल नव्हे.

आता चित्रं दिसणाऱ्यांची फिरकी घ्यायची माझी पाळी. त्यांना वाटतं आपल्या डोक्यात सिनेमा चालतो. सिनेमात प्रत्येक चौकट पूर्ण भरावी लागते: नट उभा केला की त्याला कान लागतात, शर्टाला बटणं लागतात, मागच्या भिंतीला रंग लागतो. मनातल्या चित्राला असलं काही बंधन नाही. सुरुवातीच्या उताऱ्यात यशोदाकाकूंना पाय होते का? पायरीवर उभ्या होत्या म्हणजे असणार, पण बहुतेकांनी ते बनवलेच नसतील. कंदिलाच्या उजेडाचं एक वर्तुळ, ओली पानं, हाताची हालचाल, बस्स. बाकी सगळं "आहे" असं धरलेलं, रंगवलेलं नाही. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या एम्मा बोव्हारी या नायिकेचे डोळे कादंबरीत कुठे तपकिरी, कुठे काळे, कुठे गडद निळे आहेत. टीकाकारांनी यावरून त्याला धारेवर धरलं. पण पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी ती वाचली आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण ते एम्माकडे बघत होते, तिच्या डोळ्यांच्या रंगाची नोंद ठेवत नव्हते. फ्लोबेरनं आपल्या पुस्तकात चित्रं घालायला ठाम नकार दिला होता. चित्रात काढलेली बाई एका बाईसारखी दिसते, असं त्याचं म्हणणं होतं. लिहिलेली हजार बायकांसारखी दिसू शकते.

काफ्काचा किस्सा याहून नेमका आहे. एका सकाळी किडा होऊन जागा झालेल्या माणसाची त्याची गोष्ट 1915 मध्ये पुस्तकरूपात निघणार होती. मुखपृष्ठासाठी चित्रकार ठरल्याचं कळल्यावर काफ्कानं घाबरून प्रकाशकाला पत्र लिहिलं: तो किडा काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. शेवटी मुखपृष्ठावर आला तो चेहरा हातांनी झाकून घेतलेला एक माणूस आणि मागे किलकिलं दार. पुढे नाबोकोव्ह हा कादंबरीकार, जो फुलपाखरांचा जाणकार अभ्यासकही होता, अमेरिकेत विद्यार्थ्यांना ही गोष्ट शिकवायचा. त्याला राहवेना. त्यानं तो किडा झुरळ नसून फुगीर पाठीचा भुंगेरा आहे हे सिद्ध करायला त्याचं चित्र काढलं, आणि त्या कुटुंबाच्या घराचा नकाशाही काढला, कुठली खोली कुठे, कुठलं दार कुठे उघडतं. दोघेही मोठे लेखक. एकाला चित्र बंद ठेवायचं होतं, दुसऱ्याला उघडून हातात घ्यायचं होतं.

आपल्याकडे पात्राचा चेहरा ठरवण्याची मक्तेदारी काही काळ मुखपृष्ठांनी घेतली होती. दीनानाथ दलालांनी रंगवलेला चेहरा ज्या पुस्तकावर असे, ते वाचणाऱ्या एका अख्ख्या पिढीची नायिका त्याच डोळ्यांची होती. सिनेमा त्याहून दांडगा. पडद्यावरचा चेहरा एकदा पाहिला की आपला आतला चेहरा, मुळात अर्धवट आणि पुसट असलेला, त्याच्यापुढे टिकत नाही, कारण पाहिलेलं नेहमी कल्पिलेल्यापेक्षा ठळक. म्हणून पुस्तक आधी वाचावं हा सल्ला चित्रं दिसणाऱ्यांना खरोखर लागू आहे. मला नाही. मला सिनेमा बघून झाल्यावर पुस्तक वाचलं की उलट फुकटात चेहरे मिळतात.

लेखक हे चित्र कसं उभं करतो? सर्वांत जुना गैरसमज म्हणजे भरपूर वर्णन केलं की भरपूर दिसतं. गंमत अशी की आपण ज्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतो त्याचं नावच बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या ग्रंथावरून आलं, आणि बाणाचं एकेक वर्णन पानंच्या पानं चालतं, एका वाक्यात विशेषणांची वरात. ते ऐकायला वैभवशाली आहे. पण त्यातून एक चेहरा मनात धरायला गेलं तर हातात येते ती उपमांची ओंजळ. मन एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतं. उंच, गोरा, कुरळ्या केसांचा, पाणीदार डोळ्यांचा, रुंद खांद्यांचा असं म्हटलं की पाचव्या विशेषणापर्यंत पहिलं गळून पडतं. त्याऐवजी "तो दारातून आत येताना मान झुकवायचा" म्हटलं की उंची दिसते, दार दिसतं आणि घर जुनं आहे हेही कळतं. हालचाल चित्राला चिकटून राहते. म्हणून चांगल्या लेखकाच्या वर्णनात क्रियापदं काम करतात आणि विशेषणं पाहुण्यासारखी येतात. वरच्या उताऱ्यात मी काकूंचं रूप टाळून कडी, वात आणि पायरी दिली ती याचसाठी. आणि शेवटी पाण्याचा आवाज, माझ्यासारख्यांसाठी.

संस्कृत साहित्यशास्त्रात भामहानं "भाविक" नावाचा एक गुण सांगितला आहे: ज्यामुळे होऊन गेलेल्या आणि पुढे होणाऱ्या गोष्टी समोर घडताहेत असं दिसतं. मला त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. तो म्हणतो, हा गुण एखाद्या श्लोकाचा नव्हे, सगळ्या प्रबंधाचा. कादंबरीच्या वाचकाला हे लगेच पटेल. पहिल्या पन्नास पानांत घर दिसत नाही, माणसं एकमेकांत मिसळतात. मग कधीतरी, बहुधा काही खास न घडणाऱ्या पानावर, आपण त्या घरात वावरायला लागलेलो असतो. आणि राजशेखरानं तर प्रतिभेचे दोन भाग केले, लिहिणाऱ्याची ती कारयित्री आणि रस घेणाऱ्याची ती भावयित्री. वाचणारा नुसता घेणारा नसतो, हे त्यानं तेव्हाच मान्य करून टाकलं.

मग ज्यांना दिसत नाही त्यांची भावयित्री लंगडी का? 2024 मध्ये आलेल्या एका अभ्यासात ॲफॅन्टेझिया असलेल्या आणि नसलेल्या वाचकांना एकच कथा दिली. न दिसणारे कथेत कमी बुडाले, पात्रांबद्दल त्यांना कमी वाटलं. पण कथा आवडली का, यात दोन गटांत फरक पडला नाही. स्वतःपुरतं सांगतो: निसर्गवर्णनाची पानं मी लहानपणापासून उडवत आलो आणि त्याबद्दल मला लाज वाटायची. आता वाटत नाही. संवाद मी तीन-तीनदा वाचतो, कारण तिथे माझी पात्रं जिवंत होतात. प्रत्येकाचा स्वर वेगळा ऐकू येतो, सासूबाईंच्या वाक्याआधीची शांतता ऐकू येते. अनेकांच्या बाबतीत आवाजाची कल्पनाही नसते, त्यांना उरतं ते कारण आणि परिणाम, कोण कुणाशी का वागलं. तीही कादंबरीच. आणि चित्रांच्या धंद्यात शिरायलाही हे आड येतंच असं नाही. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एड कॅटमल, यांना मनात चित्र दिसत नाही, हे त्यांनीच सांगितलं आहे.

2021 मधला आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. लोकांना खोल्यांचे फोटो दाखवले, मग आठवणीतून काढायला सांगितले. ॲफॅन्टेझिया असलेल्यांच्या चित्रांत वस्तू कमी होत्या, रंग कमी होते, काही ठिकाणी तर पलंग काढण्याऐवजी "पलंग" असा शब्दच लिहिलेला. पण ज्या वस्तू होत्या त्या बरोबर जागी, बरोबर मापाच्या. आणि फोटोत नसलेल्या वस्तू भरण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. "काय कसं दिसतं" आणि "काय कुठे आहे" ही दोन खाती मेंदूत वेगळी आहेत, एक रिकामं असलं तरी दुसरं भरलेलं असू शकतं.

हे वाचल्यावर मी ताईकडे गेलो आणि आमच्या त्याच कादंबरीतल्या वाड्याचा नकाशा दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर काढायचा ठरवला. पुस्तक बघायचं नाही. माझा दहा मिनिटांत झाला: चौक, सोपा, माजघर, जिना, वरची खोली, मागचं दार. सगळ्या चौकटी रिकाम्या. ताईला पाऊण तास लागला. तिच्या चौकात तुळशीवृंदावन होतं, सोप्यावर झोपाळा, झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या, माजघराच्या खिडकीत एक पोचे पडलेली तांब्याची कळशी.

मग पुस्तक उघडलं. जिना मी दाखवला होता तिथेच होता, तिनं तो चौकाच्या दुसऱ्या अंगाला नेला होता. झोपाळा होता. कळशीसाठी आम्ही शेवटच्या पानापर्यंत शोधलं. कुठेच नव्हती.

"नसेल लिहिली," ताई म्हणाली. "होती."